उठाव आणि इंटरनेट : एका विधानाची दुरुस्ती

२०११ सालच्या फेब्रुवारीत इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष होस्नी मुबारक पायउतार झाले. त्यानंतरच्या सोमवारी मी बी. ए. च्या वर्गात ठरलेला पाठ बाजूला ठेवून एक छोटेसे भाषणच केले होते. त्या भाषणातले शेवटचे वाक्य मला आजही आठवते. ज्या देशात तरुणांच्या हाती मोबाइल आणि इंटरनेट आहे, त्या देशात हुकूमशाही फार काळ टिकणार नाही, असे मी म्हणालो होतो. वर्गाने टाळ्या वाजवल्या, आणि आपण काही मोलाचे बोललो असे मलाही वाटले.

गेल्या वर्षी तुलनात्मक शासनपद्धती शिकवताना तोच विषय पुन्हा निघाला. मी जुन्याच उत्साहाने कैरोच्या चौकाचे वर्णन करीत होतो. तेव्हा मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, मग आज इजिप्तमध्ये लोकशाही आहे का? आणि नसेल, तर त्या इंटरनेटचे पुढे काय झाले?" प्रश्न सरळ होता, पण मला सरळ उत्तर देता आले नाही. 'पुढच्या तासाला बोलू' असे सांगून मी वेळ मारून नेली. त्यानंतर मी हा विषय पुन्हा मुळापासून वाचला. हा लेख म्हणजे त्या विद्यार्थिनीला द्यायचे राहिलेले उत्तर आहे आणि माझ्या जुन्या विधानाची दुरुस्तीही आहे.

सुरुवात इजिप्तपासून नव्हे, तर त्याच्या आधी पेटलेल्या ट्युनिशियापासून करावी लागेल.

ट्युनिशिया : एकाच देशातील दोन उठाव

ट्युनिशिया हा उत्तर आफ्रिकेतील, तेव्हा सुमारे एक कोटी लोकवस्तीचा देश. १९८७ पासून तेथे बेन अली यांची एकहाती सत्ता होती. १७ डिसेंबर २०१० रोजी सिदी बुझिद या आडबाजूच्या गावी मोहम्मद बुअझिझी या हातगाडीवर फळे-भाजी विकणाऱ्या २६ वर्षांच्या तरुणाचा माल आणि तराजू नगरपालिकेच्या माणसांनी जप्त केला. तो दाद मागायला सरकारी कचेरीत गेला. तेथे कोणी ऐकून घेतले नाही, तेव्हा त्याने कचेरीसमोर स्वतःला पेटवून घेतले. ४ जानेवारी २०११ रोजी तो मरण पावला, आणि १४ जानेवारीला बेन अली देश सोडून सौदी अरेबियात पळून गेले. चार आठवड्यांत २३ वर्षांची राजवट कोसळली.

हे इंटरनेटमुळे घडले असे तेव्हा जगभर म्हटले गेले. त्यात तथ्य किती हे पाहण्यासाठी त्याच देशात तीनच वर्षांपूर्वी झालेल्या दुसऱ्या उठावाकडे पाहणे उपयोगी ठरते. जानेवारी २००८ मध्ये गाफ्सा या फॉस्फेटच्या खाणींच्या भागात नोकरभरतीतील वशिलेबाजीवरून लोक रस्त्यावर आले. हा उठाव अल्पकाळचा नव्हता. तो सुमारे सहा महिने चालला. कामगार, बेकार तरुण, त्यांच्या आया-बहिणी असे सगळे त्यात होते. सरकारने त्या भागाला वेढा घातला आणि अखेर सैन्य पाठवले. आंदोलनाचे चित्रण बाहेर पोहोचवणाऱ्या एका पत्रकाराला चार वर्षांची शिक्षा झाली. उरलेल्या देशाला या उठावाची नीटशी खबरही लागली नाही आणि तो तिथल्या तिथे विझला.

दुःख तेच, बेकारी तीच, पोलीसही तेच. मग २०१० मध्ये काय बदलले? एक बदल उघड आहे. २००८ मध्ये फेसबुक वापरणारे लोक त्या देशात फारच थोडे होते. २०१० च्या अखेरीस त्यांची संख्या वीस लाखांच्या जवळपास गेली होती. यूट्यूबवर सरकारने २००७ पासूनच बंदी घातली होती, पण फेसबुक मात्र चालू होते. सिदी बुझिदच्या रस्त्यावरील मोर्चे लोकांनी मोबाइलवर टिपले आणि फेसबुकवर टाकले. ती चित्रे अल जझीरा वाहिनीने उचलली आणि उपग्रहामार्फत घरोघरच्या दूरचित्रवाणी संचावर दाखवली. ज्याच्या घरी संगणक नव्हता अशा म्हाताऱ्यानेही ती पाहिली. म्हणजे ही एक साखळी होती : मोबाइल, फेसबुक, दूरचित्रवाणी. यातील एक कडी जरी नसती तरी बातमी पुन्हा जिल्ह्याच्या वेशीवर अडली असती.

इंटरनेटचे पहिले काम हे, आणि ते खरे काम आहे. त्याने उठाव निर्माण केला नाही, पण एका जिल्ह्यातील उठाव जिल्ह्याबाहेर नेला.

परंतु चित्र पाहून रस्त्यावर आलेल्या माणसाला कोठे जमावे, कोणाच्या मागे चालावे, पोलिसांनी पकडले तर कोणाकडे जावे, हे कोण सांगणार? ट्युनिशियात याचे उत्तर तयार होते. तेथील कामगार महासंघ १९४६ पासून अस्तित्वात आहे. त्याच्या गावोगावच्या शाखांच्या कचेऱ्या हीच मोर्च्यांची जमण्याची ठिकाणे झाली. वरचे पुढारी काही काळ सरकारशी जमवून घेत होते, पण खालच्या शाखांतील शिक्षक, टपाल कर्मचारी, कामगार यांनी संप पुकारले, आणि मग वरच्यांनाही मागे राहता आले नाही. वकील संघटनाही उतरली. फेसबुकची चित्रे जगाने पाहिली. कामगार महासंघाच्या कचेऱ्यांतील बैठका कोणी पाहिल्या नाहीत. म्हणून नाव फेसबुकचे झाले.

आणखी एक गोष्ट येथेच नमूद करतो. त्याच जानेवारीत ट्युनिशियातील फेसबुक आणि ई-मेलच्या प्रवेशपानांवर वाटेतच एक चोरटी ओळ घुसवली जात होती. तुम्ही आपला परवलीचा शब्द लिहिला की तो तिसऱ्याच ठिकाणी नोंदला जाई. हे ध्यानात आल्यावर फेसबुकने त्या देशासाठी गुप्तलेखनाची सोय चालू केली. म्हणजे ज्या वाटेने आंदोलकांचा निरोप जात होता, त्याच वाटेवर सरकारही बसलेले होते. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

इजिप्त : भीती कशी मोडली

इजिप्तमध्ये मुबारक १९८१ पासून सत्तेवर होते आणि तेव्हापासूनच तेथे आणीबाणीचा कायदा लागू होता. ६ जून २०१० रोजी अलेक्झांड्रिया शहरात खालिद सईद या २८ वर्षांच्या तरुणाला पोलिसांनी मारहाण करून ठार केले. त्याच्या छिन्नविच्छिन्न चेहऱ्याचे छायाचित्र इंटरनेटवर फिरले. दुबईत गूगल कंपनीत नोकरी करणाऱ्या वाएल घोनिम या इजिप्शियन तरुणाने 'आम्ही सारे खालिद सईद' या नावाचे फेसबुक पान नाव न सांगता चालू केले. काही महिन्यांत त्याचे सदस्य लाखोंच्या घरात गेले.

हे पान नेमके काय करीत होते? पोलीस मारतात ही बातमी इजिप्तच्या माणसाला नवी नव्हती. ती प्रत्येकाला ठाऊक होती. ठाऊक नव्हते ते हे, की शेजाऱ्यालाही आपल्याइतकाच संताप आला आहे. बिरबलाच्या हौदाची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. प्रत्येकाने रात्री हौदात एक घागर दूध ओतायचे, असा बादशहाचा हुकूम. प्रत्येकाने विचार केला की बाकीचे दूध ओततीलच, माझी एक घागर पाण्याची असली तर कोणाला कळणार? सकाळी हौद पाण्याने भरलेला निघाला. जो तो दुसऱ्यांविषयी अंदाज करतो आणि त्या अंदाजावर स्वतःचे वागणे ठरवतो, हे या गोष्टीचे मर्म. हुकूमशाही अशाच अंदाजावर उभी असते. 'मी चौकात गेलो तर मी एकटाच असेन' असे प्रत्येकाला वाटत असते, म्हणून प्रत्येक जण घरी राहतो, आणि त्यामुळे चौक खरोखरच रिकामा राहतो. फेसबुकच्या पानावर आकडा दिसत होता, नावे दिसत होती. 'मी एकटा नाही' हे कळायला तेवढे पुरे होते. इंटरनेटचे दुसरे काम हे.

त्या पानाने सुरुवातीला मोर्चा काढला नाही. उन्हाळ्यात लोकांना एवढेच सांगितले की काळे कपडे घाला आणि समुद्राकडे तोंड करून, रस्त्याकडे पाठ करून, एकमेकांपासून अंतर राखून मुकाट्याने उभे राहा. आणीबाणीच्या कायद्यात पाच माणसांहून अधिक जमाव करण्यास मनाई होती. पण समुद्राकडे पाहत उभे राहणे हा गुन्हा कसा ठरवायचा? शेकडो लोक असे उभे राहिले. ज्यांनी जन्मात कधी निषेध केला नव्हता त्यांची ती पहिली पायरी झाली.

मात्र आकड्याने फसायला होते, हेही इजिप्तच्या इतिहासातच दिसते. महल्ला अल-कुब्रा येथील कापड गिरणीच्या कामगारांनी ६ एप्रिल २००८ रोजी संप ठरवला होता. त्याला पाठिंबा म्हणून काही तरुणांनी फेसबुकवर गट काढला. त्याचे सुमारे सत्तर हजार सभासद झाले. त्यातूनच पुढे 'सहा एप्रिल युवक आंदोलन' उभे राहिले. गिरणीचा संप पोलिसांनी होऊ दिला नाही, पण गावात दोन दिवस धुमश्चक्री झाली आणि त्याने राजवट हादरली. वर्षाने, ६ एप्रिल २००९ रोजी, त्याच गटाने पुन्हा देशव्यापी संपाची हाक दिली. या वेळी पाठीशी महल्लाचे कामगार नव्हते, नुसता गट होता. हाक फुकट गेली. बटन दाबून सभासद होणे आणि घराबाहेर पाऊल टाकणे यांतले अंतर त्या दिवशी मोजले गेले.

म्हणूनच २५ जानेवारी २०११ ची तयारी करताना संयोजकांनी वेगळी खबरदारी घेतली. तो दिवस इजिप्तमध्ये पोलीस दिन म्हणून पाळला जातो. पोलिसांच्या जुलमाविरुद्ध निषेधाला तोच निवडला. मोर्चे निघण्याची वीसेक ठिकाणे इंटरनेटवर जाहीर केली. पोलीस तेथे जाऊन उभे राहणार हे उघडच होते. एक ठिकाण मात्र कोठेही लिहिले नाही. ते होते बूलाक अल-दक्रूर, कैरोतील अरुंद गल्ल्यांची कष्टकरी वस्ती. तेथे कार्यकर्ते पायी फिरले, तोंडी बोलले. त्या गल्ल्यांतून निघालेला जथा पोलीस गोळा होण्याआधीच मोठा झाला आणि तहरीर चौकापर्यंत पोहोचला. त्याच सुमारास आंदोलन शहाणपणाने कसे करावे हे सांगणारी एक सव्वीस पानी पुस्तिका हातोहात फिरत होती. ती ई-मेलने पाठवा, छायाप्रती काढून वाटा, पण फेसबुक-ट्विटरवर टाकू नका, कारण गृहखात्याची तेथे नजर आहे, अशी तिच्यातच सूचना होती. ज्याला जग 'फेसबुक क्रांती' म्हणू लागले, तिच्या कार्यकर्त्यांना फेसबुक कोठे वापरू नये हे चांगले कळत होते.

जाळे तोडले त्या दिवशी

आता मी त्या घटनेकडे येतो जिच्यामुळे माझे मत खऱ्या अर्थाने बदलले.

२५ जानेवारीला ट्विटर आणि दुसऱ्या दिवशी फेसबुक अडवूनही मोर्चे थांबेनात. तेव्हा २७ जानेवारीच्या मध्यरात्रीनंतर सरकारने सगळे इंटरनेटच बंद केले. हे कसे करता येते ते थोडे समजून घेऊ. इंटरनेट म्हणजे अनेक लहानमोठ्या जाळ्यांचे मिळून झालेले जाळे. प्रत्येक जाळे शेजारच्या जाळ्याला सतत सांगत असते : 'अमुक अमुक पत्ते माझ्याकडे आहेत, तिकडचे टपाल माझ्या हाती द्या.' या सांगण्यावरच जगभर संदेशांचे मार्ग ठरतात. एखाद्या जाळ्याने हे सांगणे मागे घेतले, की त्याच्याकडे जाणारा रस्ताच कोणाच्या नकाशावर उरत नाही. गाव जागच्या जागी असते, घरे असतात, माणसे असतात. पण टपालखात्याच्या यादीतून गावाचे नाव खोडलेले असते. त्या रात्री इजिप्तमधील मोठ्या इंटरनेट कंपन्यांनी एकामागून एक, काही मिनिटांच्या अंतराने, असे सुमारे साडेतीन हजार मार्ग मागे घेतले. तार कोठेही तोडावी लागली नाही. कंपन्या मोजक्या होत्या, त्यांचे परवाने सरकारच्या हाती होते, काही निरोप पुरेसे झाले. शेअर बाजाराला सेवा देणारी एक कंपनी तेवढी आणखी तीन दिवस चालू होती. युरोप आणि आशिया यांना जोडणाऱ्या ज्या केबली इजिप्तमधून जातात, त्या मात्र व्यवस्थित चालू होत्या. म्हणजे भारतातून युरोपला जाणारे निरोप कैरोच्या जवळून सुखरूप जात होते; कैरोच्या माणसाला मात्र अलेक्झांड्रियाला निरोप देता येत नव्हता. सकाळी मोबाइलही बंद पडले.

माझे २०११ चे विधान खरे असते, तर २८ जानेवारीला चौक ओस पडायला हवे होते. घडले उलटे. तो शुक्रवार होता. दुपारच्या नमाजानंतर मशिदीमशिदींतून लोक बाहेर पडले आणि तोवरचा सर्वांत मोठा उठाव त्या दिवशी झाला. कैरो, अलेक्झांड्रिया, सुएझ येथे लोकांनी पोलिसांना मागे रेटले. संध्याकाळपर्यंत पोलीस रस्त्यावरून नाहीसे झाले आणि सरकारला सैन्य उतरवावे लागले.

असे का झाले? याचा अभ्यास करणाऱ्या नाविद हसनपूर यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात जी कारणे दिली आहेत, ती मला पटतात. जोवर घरात बसून बातमी कळत होती तोवर पुष्कळांना घरात बसण्याची सोय होती. ती गेल्यावर काय चालले आहे हे पाहायला माणसे दारात आली, दारातून गल्लीत आली. मुलाचा मोबाइल लागत नाही म्हणून आई-वडील शोधायला निघाले. ज्यांना राजकारणाशी कर्तव्य नव्हते त्यांचाही व्यवहार बंद पडला आणि तेही चिडले. आणि चौकाची बातमी मिळेना म्हणून लोक आपापल्या मोहल्ल्यातच जमले. गर्दी एका जागी न राहता शहरभर पसरली आणि पोलिसांना आवरेना. मशीद, चहाचे दुकान, गल्लीचा कोपरा ही जुनी 'जाळी' त्या दिवशी कामाला आली. ती तोडण्याचे बटन कोणत्याही मंत्र्याच्या टेबलावर नव्हते.

पुढचे दिवसही पाहण्यासारखे आहेत. घोनिमला २७ जानेवारीलाच पकडून अज्ञात स्थळी ठेवले होते. तो ७ फेब्रुवारीला सुटला. इंटरनेट २ फेब्रुवारीला परत आले. म्हणजे निर्णायक आठवड्यात पान चालवणारा कोठडीत होता, पानही बंद होते, तरी चौक भरलेला होता. चौकात दवाखाने उघडले, प्रवेशाच्या वाटांवर तपासणी बसली, केरकचरा उचलण्याच्या पाळ्या लागल्या. २ फेब्रुवारीला घोड्या-उंटांवरून हल्ला झाला, तेव्हा तो परतवण्यात मुस्लिम ब्रदरहूडचे शिस्तबद्ध कार्यकर्ते होते आणि पोलिसांशी दोन हात करण्याची सवय असलेले फुटबॉल संघांचे चाहतेही होते. सुटकेनंतर घोनिम दूरचित्रवाणीवर बोलता बोलता रडला; ते पाहून दुसऱ्या दिवशी पुष्कळ नवे लोक चौकात आले. शेवटच्या आठवड्यात कारखाने, वाहतूक आणि सुएझ कालव्याशी संबंधित कंपन्या यांतील कामगारांनी संप केले. ११ फेब्रुवारीला, अठराव्या दिवशी, मुबारक गेले. सरकारी चौकशी समितीच्या मोजणीप्रमाणे या अठरा दिवसांत किमान ८४६ माणसे मेली. हा आकडा मी मुद्दाम देतो. क्रांती एका बटनाने झाली असे म्हणताना हा आकडा विसरला जातो.

चौकातून घरी गेल्यावर

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचा उरलेला भाग. पुढे काय झाले?

मुबारक गेल्यावर सत्ता सेनापतींच्या मंडळाने हाती घेतली. १९ मार्च २०११ रोजी घटनेतील काही दुरुस्त्यांवर सार्वमत झाले. चौकातील बहुतेक तरुण गट 'नको' म्हणत होते आणि इंटरनेटवर त्यांचाच आवाज मोठा होता. निकाल लागला तेव्हा ७७ टक्के मते 'हो' च्या बाजूने पडली होती. इंटरनेटवर दिसणारा देश आणि मतपेटीतून निघणारा देश हे एकच नव्हेत, हे त्या तरुणांना फार उशिरा कळले. त्या वर्षअखेरीस सुरू झालेल्या संसदेच्या निवडणुकीत ब्रदरहूडच्या आघाडीला जवळजवळ निम्म्या जागा मिळाल्या. क्रांतीच्या नावाने उभ्या राहिलेल्या तरुणांच्या आघाडीला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. २०१२ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या अंतिम फेरीत ब्रदरहूडचे मोहम्मद मोर्सी आणि मुबारक यांचे शेवटचे पंतप्रधान अहमद शफीक हे दोघेच उरले.

हे दोघेच का उरले, याचे कारण गूढ नाही. ब्रदरहूडची स्थापना १९२८ ची. तिचे दवाखाने होते, वर्गणीदार होते, खेड्यातील मतदार केंद्रापर्यंत नेणारे कार्यकर्ते होते. दुसरीकडे सैन्य आणि जुनी नोकरशाही. ज्यांनी चौक भरवला होता त्यांच्यापाशी मात्र गाव तेथे शाखा नव्हती, निर्णय कोणी घ्यायचा याचा नियम नव्हता, सेनापतींशी बोलणी करायला सर्वांच्या वतीने बसेल असा प्रतिनिधीही नव्हता. ट्युनिशियात त्या कामगार कचेऱ्या होत्या. येथे पानाचे लाखो सभासद होते. मोर्सी जिंकले. ३ जुलै २०१३ रोजी मोठ्या निदर्शनांच्या पार्श्वभूमीवर सैन्याने त्यांना दूर केले आणि २०१४ मध्ये सेनाप्रमुख राहिलेले अब्देल फतह अल-सिसी राष्ट्राध्यक्ष झाले. २०१३ च्या नोव्हेंबरात निदर्शनांवर कडक निर्बंध घालणारा कायदा आला, आणि 'सहा एप्रिल' चे एक संस्थापक अहमद माहेर यांना त्याच कायद्याखाली तीन वर्षांची शिक्षा झाली. २०१८ मध्ये असा कायदा झाला की ज्याच्या इंटरनेट खात्याला पाच हजारांहून अधिक अनुयायी आहेत त्याला प्रसारमाध्यम समजून सरकारी नियंत्रणाखाली आणावे. ज्या आकड्याने २०१० मध्ये माणसाची भीती मोडली होती, तोच आकडा आता माणसाला पकडण्याचे माप झाला.

खुद्द घोनिम यांनी २०१५ मधील एका भाषणात आपली चूक कबूल केली आहे. समाज मुक्त करायला इंटरनेट पुरेसे आहे असे आपण एकदा म्हटले होते, ते चुकीचे होते, असे त्यांनी सांगितले. जे प्रत्यक्ष चौकात होते त्यांनी हे कबूल केले. मी तर दूर बसून टाळ्या घेतल्या होत्या.

टर्कीत वाढलेल्या समाजशास्त्रज्ञ झेनेप तुफेक्ची यांनी २०१७ च्या आपल्या पुस्तकात याची जी मीमांसा केली आहे ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पूर्वी हजार माणसांचा मोर्चा काढायचा तर महिनोन् महिने खपावे लागे. पत्रके छापा, वर्गणी जमवा, भांडणे मिटवा, कोणी कोठे उभे राहायचे ते ठरवा. ही सगळी दगदग म्हणजे वाया गेलेला वेळ नव्हता. त्या दगदगीतच एकमेकांची पारख होई, पुढारी घडत, मतभेद असूनही निर्णय कसा घ्यावा हे कळत असे. इंटरनेटने ही दगदग वाचवली, आणि तिच्याबरोबर ते शिक्षणही गेले. म्हणून आजचा लाखाचा मोर्चा दिसायला पूर्वीच्या लाखाच्या मोर्च्यासारखा असला, तरी त्याच्या पाठीमागे तितके बळ असतेच असे नाही.

ट्युनिशियाने या म्हणण्याला काही काळ पुरावाच दिला. २०१३ मध्ये दोन विरोधी पुढाऱ्यांच्या हत्या झाल्या आणि देश फुटण्याच्या बेताला आला. तेव्हा कामगार महासंघ, उद्योजकांची संघटना, मानवी हक्क संघटना आणि वकील संघटना या चौघांनी सर्व पक्षांना एका टेबलाशी बसवले. जानेवारी २०१४ मध्ये नवी राज्यघटना मंजूर झाली आणि या चौघांना २०१५ चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु चित्र सोज्वळ करून सांगणे योग्य नव्हे. जुलै २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी संसद स्थगित केली, आणि सप्टेंबर २०२२ च्या हुकुमान्वये इंटरनेटवर 'खोटी बातमी' पसरवण्याला पाच वर्षांच्या कैदेची तरतूद झाली. म्हणजे संघटना असली की लोकशाही कायमची सुरक्षित होते असेही नाही. एवढेच म्हणता येईल, की जेथे संघटना होती तेथे लोकांना मिळवलेले दहा वर्षे टिकवता आले. जेथे नव्हती तेथे ते अडीच वर्षांत हातचे गेले.

आपल्याशी याचा संबंध काय, असे कोणी विचारील. इंटरनेट बंद करण्याचा अधिकार आपल्याकडेही कायद्याने सरकारांना आहे. त्यासाठीचे २०१७ चे नियम १८८५ च्या तारायंत्र कायद्याखाली केलेले होते. आता २०२३ च्या दूरसंचार कायद्याखाली २०२४ चे नियम आहेत. काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये सेवा बंद झाली. वेगवान मोबाइल इंटरनेट पूर्ववत व्हायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. त्याच प्रकरणात जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशी बंदी बेमुदत असता कामा नये आणि तिचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत. हे आदेश कोणी काढले, कशासाठी काढले, मुदत किती, हे विचारणे हा प्रत्येक नागरिकाचा हक्क आहे, आणि निदान राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने तरी तो वापरायला हवा.

दुसरा संबंध अधिक जवळचा आहे. आपल्या महाविद्यालयात एखादा प्रश्न निघाला, शुल्कवाढीचा असो वा वसतिगृहाच्या पाण्याचा, की तासाभरात मोबाइलवर गट तयार होतो, दोनशे जण सामील होतात, संतापाचे निरोप येतात, आणि आठवड्याने गट शांत होतो. प्राचार्यांना भेटायला कोण जाणार, असे विचारले की तीन नावे पुढे येतात. मी हे थट्टेने लिहीत नाही. त्या तीन नावांविषयी मला फार आदर आहे. गट तयार करणे चूक नाही. पण गट तयार झाला म्हणजे काम झाले असे समजणे चूक आहे. सभा बोलवणे, इतिवृत्त लिहिणे, वर्गणीचा हिशेब देणे, न पटणाऱ्या माणसाबरोबर बसून ठराव करणे ही कंटाळवाणी कामे आहेत. ज्यांनी ती आधी केली होती, त्यांचाच शब्द पुढे ऐकला गेला, हे वरील दोन्ही देशांनी दाखवले आहे.

तेव्हा त्या विद्यार्थिनीला माझे उत्तर असे : नाही, इजिप्तमध्ये त्या तरुणांना हवी होती ती लोकशाही आलेली नाही. इंटरनेटने तिथल्या माणसाची भीती मोडली आणि एका गावची बातमी देशभर नेली. ही दोन्ही कामे थोर आहेत आणि ती नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण चौकातून घरी परतल्यावर माणसांना एकत्र धरून ठेवण्याचे काम त्याने केले नाही, कारण ते काम त्याचे नव्हतेच. २०११ च्या त्या वर्गात जे विद्यार्थी होते ते आज पस्तिशीच्या आसपास असतील. त्यांपैकी कोणाच्या हाती हा अंक पडला, तर त्यांनीही आपल्या जुन्या वहीत एवढी दुरुस्ती करून घ्यावी, ही विनंती.